ग्राफिक्स कार्डाचें फर्मवेअर : तें बदलल्यानें काय साधतें ?

संगणकावर खेळणाऱ्या किंवा चित्रफितींचें संकलन शिकणाऱ्या मुलांच्या बोलण्यांत हल्लीं एक गोष्ट वारंवार ऐकूं येते. ग्राफिक्स कार्डाचें फर्मवेअर बदललें असतां स्वस्त कार्ड महाग कार्डासारखें चालूं लागतें, असें ते एकमेकांस सांगतात. ही गोष्ट सर्वस्वीं खोटी नाहीं, व सर्वस्वीं खरीहि नाहीं. ज्या वस्तूसाठीं घरांतील वडील माणसें कित्येक महिन्यांची बचत खर्च करितात, तिच्याविषयीं अर्धवट माहितीवर विसंबणें बरें नव्हे. म्हणून या विषयाचा थोडा खुलासा करण्याचें योजिलें आहे.

ग्राफिक्स कार्ड हा एक लहानसा स्वतंत्र संगणकच होय. त्यावर शेंकडों किंवा हजारों गणक-घटकांची मुख्य चिप, तिच्या सभोंवार स्मृतीच्या चिपा, वीज पुरविणारा भाग व थंड ठेवणारे पंखे असतात. याखेरीज नखाएवढी एक साधी चिप असते. वीज बंद झाली तरी तिच्यांतील लेख पुसला जात नाहीं. संगणक सुरू होतांच प्रथम हा लेख वाचला जातो. मुख्य चिपेनें कोणत्या वेगानें चालावें, तिला विजेचा दाब किती द्यावा, एकंदर किती वॅट वीज घ्यावी, पंखे केव्हां जोरानें फिरवावे, व स्मृतीनें एक काम संपवून दुसरें हातीं घेण्यापूर्वी किती थांबावें, हें सर्व त्यांत नोंदलेलें असतें. या लेखासच फर्मवेअर किंवा व्हिडिओ बायॉस म्हणतात. तो पुसून त्या जागीं दुसरा लिहिणें म्हणजे कार्ड 'फ्लॅश' करणें होय.

या लेखांतील मर्यादा दोन प्रकारच्या असतात. कांहीं व्यापाराच्या असतात. कारखान्यांत एकाच प्रकारची चिप तयार होते. जिचे कांहीं घटक सदोष निघतात, तिचे तेवढे घटक बंद करून ती कमी किमतीस विकतात. परंतु स्वस्त कार्डास मागणी अधिक असली कीं निर्दोष चिपांचेहि घटक बंद केले जातात. डिसेंबर २०१० मध्यें निघालेल्या रेडिऑन एचडी ६९५० या कार्डांत १५३६ पैकीं १४०८ घटकच चालू होते. अनेकांनीं त्यावर ६९७० या मोठ्या कार्डाचें फर्मवेअर लिहिलें, आणि उरलेले १२८ घटकहि कामास लागले. २०१६ सालच्या आरएक्स ४८० या कार्डाचे कांहीं प्रारंभींचे नमुने ४ गिगाबाइट स्मृतीचे म्हणून विकले गेले. त्यांवर प्रत्यक्षांत ८ गिगाबाइट स्मृति बसविलेली होती, व फर्मवेअर बदलतांच ती दिसूं लागली. या दोन्ही ठिकाणीं वस्तु आधींच कार्डांत होती; लेखानें केवळ कुलूप उघडलें.

आतां दुसरें उदाहरण पाहा. २०१७ सालच्या वेगा ५६ या कार्डांत ३५८४ घटक असत, व वेगा ६४ मध्यें ४०९६. पुष्कळांनीं पहिल्यावर दुसऱ्याचें फर्मवेअर लिहिलें. पण घटक ३५८४ च राहिले. लाभ झाला तो निराळा. स्मृतीस १·२५ व्होल्टऐवजीं १·३५ व्होल्ट मिळूं लागले, वीज घेण्याची मर्यादाहि वाढली, त्यामुळें वेग कांहींसा वाढला. परंतु त्याबरोबर उष्णताहि वाढली. प्रगतिपुस्तकावरील गुणांचा आंकडा बदलल्यानें न शिकलेलें गणित येऊं लागत नाहीं, तसेंच हें आहे. धातूंत जें नाहीं तें लेखानें उत्पन्न होत नाहीं.

दुसऱ्या प्रकारच्या मर्यादा धातूच्याच असतात. चिपेंत खर्चीं पडणारी वीज मुख्यत्वेंकरून तिचा वेग व विजेच्या दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणांत वाढते. वेग शेंकडा १० वाढविला व त्यासाठीं दाबहि शेंकडा १० वाढवावा लागला, तर १·१ चा तीनदां गुणाकार करावा. उत्तर १·३३१ येतें. म्हणजे शेंकडा १० वेगासाठीं उष्णता शेंकडा ३३ अधिक. शिवाय कार्ड थंड होतें तें खोलींतील हवेनें. ती हवाच वैशाखांत तापलेली असली म्हणजे पंख्यांचाहि उपाय थोडा पडतो. मोहने येथील पालकांस हा विचार नवा वाटणार नाहीं. येथील एन. आर. सी. चा रेयॉनचा कारखाना २००९ सालीं बंद पडला. पण ज्यांनीं कारखान्यांत दिवस काढले आहेत, त्यांना बॉयलरवरील सेफ्टी व्हॉल्व्ह अधिक वाफेच्या लोभानें आवळूं नये, हें सांगावें लागत नाहीं.

जुनें कार्ड विकत घेणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. इथेरियम या आभासी नाण्याच्या खाणकामांत पुष्कळ कार्डें रात्रंदिवस राबविलीं जात. त्यांच्या फर्मवेअरमध्यें स्मृतीचा थांबण्याचा काळ कमी केलेला असे. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं तें खाणकाम बंद झालें व अशीं कार्डें जुन्या बाजारांत आलीं. त्या कामांत न जाणवणारी स्मृतीची चूक खेळांत किंवा चित्रांत ठिपक्यांच्या रूपानें दिसते, किंवा संगणकच अडकून पडतो. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा कीं अन्यत्र जा, कार्ड चालवून पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. लहान कार्डाच्या फर्मवेअरमध्यें मोठ्या कार्डाचें नांव लिहून लोकांस फसविण्याचे प्रकारहि घडले आहेत. अशीं एनव्हिडियाचीं खोटीं कार्डें ओळखण्याची सोय जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्यें २०१८ सालीं करण्यांत आली. ती अवश्य वापरावी.

एनव्हिडियानें २०१६ च्या पास्कल पिढीपासून फर्मवेअरवर गुप्त अंकांची सही घालण्याचा कडक बंदोबस्त केला. लेखांत फेरफार केला कीं सही जुळत नाहीं, व कार्ड तो लेख नाकारतें. इतर कार्डांवर प्रयोग करावयाचा झाल्यास पुढील क्रम पाळावा. प्रथम कार्डाबरोबर मिळणाऱ्या प्रोग्रॅममधूनच वेग तोच ठेवून विजेचा दाब थोडा थोडा कमी करून पाहावा. दाब शेंकडा १० उतरला तर ०·९ चा वर्ग ०·८१ होतो, म्हणजे उष्णता सुमारें शेंकडा १९ घटते. कार्ड थंड राहिलें कीं तें आपला वेग अधिक काळ टिकवितें. पुष्कळांचें काम एवढ्यानेंच भागतें, व हा बदल केव्हांहि मागें घेतां येतो. फर्मवेअर बदलणेंच असेल तर मूळ लेखाची प्रत आधीं दुसरीकडे जपून ठेवावी. नवा लेख नेमक्या त्याच कार्डाचा व त्याच कंपनीच्या स्मृतीचा आहे, याची खात्री करावी. कार्डावर दोन बायॉसची कळ असल्यास एक बायॉस कधींहि बदलूं नये. लिहिण्यास थोडाच वेळ लागतो, पण तेवढ्यांत वीज गेली तर लेख अर्धवट राहून कार्ड मुकें होतें. म्हणून पावसाळ्यांत वीज ये-जा करीत असतां यूपीएसवांचून हें काम हातीं घेऊं नये. हमी संपुष्टांत येण्याचा संभवहि आधींच लक्षांत घ्यावा.

शुभवर्तमानांत नव्या द्राक्षारसाचा व जुन्या बुधल्यांचा दृष्टांत आहे. नवें ओतण्यापूर्वीं बुधला पाहावा, एवढी सावधगिरी येथेंहि पुरेशी आहे. जिज्ञासा ही ईश्वराची देणगी आहे, तिला आम्ही आडकाठी करूं इच्छीत नाहीं. मात्र कार्ड ज्यांच्या कष्टाच्या पैशानें आलें, त्या आईवडिलांस काय करणार व त्यांत काय गमावण्याचा संभव आहे, हें आधीं नीट सांगावें, आणि त्यांच्या संमतीनेंच हात घालावा.