दवण्याच्या माळा व मरव्याचें कडें

चैत्र शुद्ध द्वादशीस विष्णूला व चतुर्दशीस शिवाला दवणा वाहण्याची चाल फार जुनी आहे. कोल्हापूरकडे जोतिबाच्या चैत्री यात्रेंत भाविक गुलाल उधळतात आणि दवणा वाहतात. आमच्या बीड जिल्ह्यांत परळीच्या वैजनाथास बेल व एकादशीस विठ्ठलाला तुळशीची माळ कधीं चुकत नाहीं. दवणा, मरवा मात्र आम्ही बाजारांतून, तोहि कोमेजलेला, पैसे मोजून आणतों. ज्याच्या विहिरीच्या पाटाकडेला चार हात जागा आहे, त्यानें तो विकत कां आणावा?

महसूल खात्यांत असतां पीकपाहणीचे कागद आम्हीं पुष्कळ लिहिले. ज्वारी, बाजरी, कापूस, तूर हीं नांवें हाताच्या वळणांत बसलीं. दवण्याचें नांव एकदांहि लिहिल्याचें स्मरत नाहीं. बांधावरच्या हौसेस कागदांत रकाना कोठचा!

दवणा पाऊस ओसरल्यावर, कार्तिकाच्या सुमारास पेरावा. बीं फार बारीक असतें, म्हणून तें चाळलेल्या वाळूंत मिसळून वाफ्यावर विस्कटावें व झारीनें पाणी द्यावें. येथें आमची फजिती सांगणें भाग आहे. उरलेलें बीं आम्हीं डबींत जपून ठेविलें व दोन वर्षांनीं पेरलें. एकहि अंकुर दिसला नाहीं. या बियांची उगवणशक्ति लवकर जाते, हें तेव्हां कळलें. पुढें ताजें बीं आणलें, रोपें दाट आलीं, आणि आम्हीं हौसेनें दोन्ही वेळां पाणी दिल्यामुळें निम्मीं बुडाशीं कुजून आडवीं झालीं. बीडसारख्या अवर्षणाच्या मुलुखांत पीक पाण्यानें मेलें, याबद्दल घरांतील मंडळी आम्हांस अजून हंसतात.

दीड-दोन महिन्यांनीं रोपें उपटून वाफ्यांत लावावीं. माघ-फाल्गुनांत बारीक पिवळसर फुलें येतात. सुवास तेव्हां भरांत असतो, छाटणी तेव्हांच करावी. मरव्यास बियांची यातायात नको; फांदी खोंचली कीं मूळ धरते.

माळेसाठीं सकाळीं दंव सुकल्यावर काड्या छाटाव्या व घटकाभर सांवलींत पसराव्या, म्हणजे थोड्या मऊ पडून वळतांना मोडत नाहींत. चार-पांच काड्यांची जुडी करून ओल्या सुती दोऱ्यानें गांठावी व पुढील जुडीचे शेंडे मागच्या जुडीच्या देठांवर चढवीत जावें. दारावर लावण्याचें कडें करणें असल्यास ओढ्याकाठच्या निरगुडीची ओली, करंगळीहून बारीक फांदी वाटोळी वाकवून दोन वेढे द्यावे व तिच्यावर मरवा, तुळशीच्या मंजिऱ्या, सब्जा एकाच दिशेनें बांधावा. मधून पांढरी शेवंती खुलते; झेंडूची गर्दी आम्हांस रुचत नाहीं, तिच्या उग्र दर्पापुढें मरवा हरतो. कडें उन्हांत वाळवूं नये, रंग जातो. सांवलींत वाळलेला दवणा पुढें लुगड्यांच्या घड्यांत ठेवतां येतो.

दक्षिणेंत कर्नाटकाकडे दवण्याची शेती होते व त्याचें तेल अत्तरांत जातें. तें ऐकून कोणी एकरभर लावण्यास धांवूं नये. तेल काढण्याची भट्टी जवळ नसतां एवढा पाला न्यावा कोठें? शिवाय छाटणी होते त्याच दिवसांत आमच्या विहिरी तळ दाखवितात. ज्या वर्षीं फाल्गुनांतच गांवांत टँकर येऊं लागतो, त्या वर्षीं दवण्याचा वाफा सोडून द्यावा. आम्हीं एकदां तसा सोडला आहे. मरव्याच्या दोन कुंड्या मात्र मोरीच्या कडेला ठेवाव्या. भांडीं विसळल्याच्या पाण्यावर त्या ज्येष्ठ काढतात, आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर त्यांच्याच फांद्या पुन्हां लावतां येतात.