विश्लेषण : छोटे उद्योग विकत घेणाऱ्या फर्मने सॉफ्टवेअर कसे निवडावे?

पुण्याजवळचे भोसरी-चाकण, नाशिकचे सातपूर-अंबड, कोल्हापूरचे शिरोली. या औद्योगिक वसाहतींत पहिल्या पिढीने उभारलेले अनेक कारखाने आहेत. मालकाचे वय झाले आणि मुलांनी वेगळी वाट धरली, की चालता धंदा विकायचा विचार सुरू होतो. असे धंदे हेरून, पारखून विकत घेणाऱ्या तीन-चार जणांच्या फर्मला सुरुवातीलाच प्रश्न पडतो, की कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे? पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे वाचवायचे नाहीत, हे समजून घेऊ.

सुरुवातीलाच सीआरएम हवे का?

बहुतेक सीआरएम सॉफ्टवेअर माल विकणाऱ्यांसाठी बनलेली असतात. इथे फर्म खरेदीदार आहे आणि एकेक व्यवहार महिनोन्‌महिने चालतो. दोन-तीनशे कंपन्यांची यादी ठेवायला एक्सेल किंवा गुगल शीट पुरते. एक्सेलच्या एका शीटमध्ये १० लाख ४८ हजार ५७६ ओळी मावतात. उलाढाल, विकण्याचे कारण, ओळख कुणी करून दिली, शेवटचे बोलणे कधी झाले आणि पुढचा फोन कधी करायचा, एवढे रकाने पुरेत.

अडचण येते ती माणसे वाढल्यावर. एकाच मालकाला दोघांचे फोन जाऊ लागले किंवा ठरलेले फोन राहून जाऊ लागले, की झोहोसारखे सीआरएम घ्यावे. मात्र हिशेब आधी करावा. समजा दर माणशी महिन्याला १,५०० रुपये असेल, तर पाच जणांचे वर्षाचे ९० हजार होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १ लाख ६ हजार २०० रुपये.

कागदपत्रे व्हॉट्सअॅपवर मागवली तर काय बिघडते?

धंदा विक्रीला निघाल्याची कुणकुण लागली, की कामगार दुसरी नोकरी शोधू लागतात आणि पुरवठादार उधारी आखडती घेतात. सौदा मोडला तरी मालकाचे नुकसान व्हायचे ते होतेच. त्यामुळे प्रत्येक कंपनीसाठी क्लाउडवर वेगळे फोल्डर हवे. ते नावानिशी परवानगी दिलेल्यांनाच उघडता यावे, आणि सौदा फिसकटला की परवानगी लगेच काढून घेता यावी. कामगारांचे आधार क्रमांक, पगारपत्रके यांसाठी २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लक्षात ठेवावा लागतो.

सर्वांत मोठा धोका कुठे?

सर्वांत मोठा धोका तपासणीत असतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार धंदा हस्तांतरित झाला, तर हस्तांतरापर्यंतच्या कर, व्याज व दंडाच्या थकबाकीला विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार ठरतात. कंपनीचे शेअर घेतले, तर देणी कंपनीकडेच राहतात, म्हणजे पुन्हा नव्या मालकाच्याच डोक्यावर.

म्हणून ताळेबंदाच्या पीडीएफवर थांबू नये. टॅलीचा बॅकअप किंवा खातेवह्यांची एक्सेल प्रत मागावी. त्यातील महिनावार विक्री जीएसटीआर-३बी आणि बँक स्टेटमेंटशी ताडून पाहावी. हे काम साध्या एक्सेलमध्ये होते. फरक दिसला म्हणजे लबाडीच, असे नाही. परराज्यातील स्वतःच्या शाखेला पाठवलेला माल जीएसटीत पुरवठा धरला जातो, पण हिशेबात ती विक्री नसते. मात्र प्रत्येक फरकाचे कारण सीएंकडून लेखी घ्यावे.

काही तपासणी फुकट होते. जीएसटी पोर्टलवर नोंदणी चालू आहे का आणि विवरणपत्रे भरली आहेत का, हे दिसते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीच्या मालमत्तेवरील कर्जाचा बोजा कळतो.

‘एडिट लॉग’ का पाहायचा?

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे बंधनकारक आहे. ही सोय बंद करता येऊ नये, असा नियम आहे. विक्रीच्या बोलणीआधी जुन्या नोंदी बदलल्या गेल्या का, हे त्यातून कळते. मालकी पेढ्या आणि भागीदारी संस्थांना हा नियम लागू नाही. तिथे बँकेच्या नोंदींवर अधिक भर द्यावा लागतो.

पैसे भरण्याआधी विक्रेत्याला काय विचारावे?

• सगळा डेटा एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये बाहेर काढता येतो का?
• वर्गणी थांबवल्यावर डेटा किती दिवस ठेवला जातो?
• कोणी काय उघडले, काय बदलले याची नोंद राहते का?
• दर माणशी आकारला जातो, की पूर्ण फर्मसाठी एकच?
• सीए आणि वकिलांना केवळ वाचण्यापुरता प्रवेश देता येतो का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर ते सॉफ्टवेअर स्वस्त असले तरी घेऊ नये.

खरेदीनंतर जुने सॉफ्टवेअर लगेच बदलावे का?

घाई करू नये. कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिवसांची उधारी, कोणत्या मालाला कोणता दर, हे बऱ्याचदा जुन्या हिशेबनिसालाच ठाऊक असते. त्याची टॅली पहिल्या दिवशी काढून घेतली, तर बिले अडकतात आणि वसुली लांबते. नवी पद्धत आणायचीच असेल, तर १ एप्रिलला, नव्या आर्थिक वर्षाबरोबर आणावी. त्याआधी एक-दोन महिने दोन्ही पद्धती सोबत चालवून महिनाअखेरची शिल्लक जुळते का, हे पाहावे.