विनातिकीट ‘ई’

जीवनसत्त्व ‘अ’ला रक्तातून फिरायला स्वतःचं वाहक प्रथिन आहे. ‘ड’लाही आहे. ‘ई’ला मात्र स्वतःची गाडीच नाही! तेलात विरघळणारं हे जीवनसत्त्व रक्तात एकटं फिरू शकत नाही. मग ते कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांत शिरतं आणि विनातिकीट हिंडतं. हो, त्यात ते एलडीएलही आलं, ज्याला आपण ‘वाईट’ म्हणून बोल लावतो.

आता गाड्या वाढल्या की प्रवासीही वाढणारच. कोलेस्टेरॉल चढलेल्या माणसाच्या रक्तात ‘ई’ही जास्त सापडतं. रिपोर्ट बघून पेढे वाटू नका! जाणकार नुसत्या आकड्यावर जात नाहीत, त्याला कोलेस्टेरॉलने भागून बघतात. स्टॅटिनची गोळी सुरू झाली, एलडीएल उतरलं, की ‘ई’चा आकडाही उतरतो, भागाकार मात्र सहसा घसरत नाही.

गाडीत जागा तरी किती? एलडीएलच्या एका कणात कोलेस्टेरॉलचे रेणू दोन हजारांच्या घरात, आणि ‘ई’चे सरासरी जेमतेम सहा-सात.

यकृत तर भलतंच चोखंदळ. निसर्गात ‘ई’ची आठ रूपं आहेत, यकृतातलं एक प्रथिन त्यांतलं अल्फा-टोकोफेरॉल तेवढं वेचून रक्तात धाडतं. जनुकातल्या दोषामुळे हे प्रथिन बिघडलं, तर करडईचं तेल नि बदाम खाऊनही रक्तात ‘ई’चा दुष्काळ पडतो आणि चालताना तोल जाऊ लागतो.

‘ई’ एलडीएलला ऑक्सिडेशनपासून वाचवतं, म्हणजे गोळ्या खाल्ल्या की हृदय सुरक्षित? तर्क झकास होता. २००० साली ‘होप’ या चाचणीचे निष्कर्ष आले: साडेनऊ हजारांवर रुग्ण, त्यांतल्या निम्म्यांना रोज ४०० युनिट ‘ई’, सरासरी साडेचार वर्षं. हृदयाला फायदा? शून्य.

आणि एलडीएल मुळीच नसेल तर? ऐकायला छान वाटतं. पण १९५० साली बॅसन आणि कॉर्नझ्वाइग या डॉक्टरांनी नोंदवलेल्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात नेमकं तेच होतं. कोलेस्टेरॉल तळाला, आणि ‘ई’ मज्जातंतूंपर्यंत, डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोहोचतच नाही. दोन्ही हळूहळू निकामी होऊ लागतात. अशा रुग्णांना लहानपणापासूनच ‘ई’ची भलीमोठी मात्रा द्यावी लागते.