प्राण्यांची 'जात' ठरते कशी?

घोडा, गाढव आणि खेचर हे तीन प्राणी तुमच्या परिचयाचे आहेत. घोडी आणि गाढव यांच्यापासून झालेले शिंगरू म्हणजे खेचर. ते काटक असते, ओझेही उत्तम वाहते. पण त्याला स्वतःला सहसा पिले होत नाहीत. याचे कारण त्याच्या पेशींत आहे. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या पेशीत ६२. खेचराला आईकडून ३२ आणि बापाकडून ३१, अशी ६३ मिळतात. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात. येथे त्या नीट जुळत नाहीत आणि वंश तेथेच खुंटतो. म्हणून घोडा आणि गाढव या दोन वेगळ्या जाती.

आता धिप्पाड अल्सेशियन आणि पिटुकला पॉमेरेनियन पाहा. दिसण्यात जमीन-अस्मानाचा फरक! तरी त्यांना पिले होतात आणि त्या पिलांनाही पुढे पिले होतात. म्हणून कुत्र्याची जात एकच. (जिला आपली शालेय पुस्तके 'जाती' म्हणतात, तिलाच वर्तमानपत्रे पुष्कळदा 'प्रजाती' म्हणतात. पुस्तकांतील 'प्रजाती' हा जातीच्या वरचा गट आहे. हा घोटाळा टाळण्यासाठी येथे 'जात' हाच शब्द वापरला आहे.)

म्हणजे नुसत्या रूपावर जाऊन भागत नाही. अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने १९४२ साली आपल्या ग्रंथात हेच सूत्र पक्के केले. निसर्गात ज्यांचा आपसांत संकर होतो किंवा होऊ शकतो आणि इतर गटांशी होत नाही, त्यांची एक जात. मायर हे तरुणपणी, १९२८ साली, न्यू गिनी बेटावर पक्षी गोळा करायला गेले होते. तेथील अर्फाक डोंगरात त्यांना १३७ जातींचे पक्षी मिळाले. डोंगरातल्या रहिवाशांकडे त्यांतल्या १३६ जातींसाठी स्वतंत्र नावे होती! ज्यांना पुस्तकी वर्गीकरण ठाऊक नव्हते त्यांनीही सीमा जवळजवळ त्याच आखल्या होत्या. जाती ही केवळ शास्त्रज्ञांची कल्पना नव्हे, असे मायर यांना त्यावरून वाटले.

पदार्थविज्ञानाच्या मंडळींना अशी व्याख्या फार आवडते. विश्वातला कोणताही इलेक्ट्रॉन दुसऱ्या इलेक्ट्रॉनसारखाच. अर्धामुर्धा इलेक्ट्रॉन नसतो. पण सजीव इतके आज्ञाधारक नाहीत. जिवाणू शरीर दुभागून वाढतात, तेथे नर-मादीचा प्रश्नच नाही. जीवाश्मांचा संकर होत होता की नाही, हे कोण तपासणार? या अडचणी आपण एक वेळ बाजूला ठेवू. खरी गंमत केली आहे ती एका चिमुकल्या पक्ष्याने.

इंग्रजीत त्याला ग्रीनिश वॉर्बलर म्हणतात. वटवट्यांपैकी हा एक. चिमणीहून लहान, वरून हिरवट, पानांतले कीटक टिपत सतत हालणारा. त्याचा एक प्रकार हिवाळ्यात महाराष्ट्रातही येतो. वीण मात्र उत्तरेकडे आणि हिमालयात होते. त्याला झाडे हवीत आणि तिबेटचे पठार तर उघडेबोडके. म्हणून त्याची वस्ती पठाराला वळसा घालून पसरली आहे. एक हात काश्मीर, मध्य आशियाचे डोंगर असा पश्चिम सैबेरियात जातो; दुसरा पूर्व हिमालय, चीन असा पूर्व सैबेरियात. मध्य सैबेरियात दोन्ही हातांची टोके पुन्हा भेटतात.

दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, तसेच येथे घडते. दक्षिणेत या पक्ष्याचे गाणे आखूड आणि साधे आहे. दोन्ही वाटांनी उत्तरेकडे जावे तसे ते लांब आणि गुंतागुंतीचे होत जाते, पण प्रत्येक बाजूला निराळ्या ढंगाने. वाटेतले शेजारी एकमेकांत मिसळतात. सैबेरियात पोचेपर्यंत मात्र पश्चिमेकडच्या पक्ष्याच्या पंखावर एक फिकट पट्टा, पूर्वेकडच्याच्या पंखावर दोन. आणि एकाचे गाणे ध्वनिमुद्रित करून ऐकवले तर दुसऱ्याचा नर दखलही घेत नाही. तेथे त्यांचा संकर जवळजवळ होत नाही.

मग सांगा, जात एक की दोन? सैबेरियात उभे राहून पाहिले तर दोन. शेजाऱ्याला शेजारी जोडत दक्षिणेकडून वळसा घातला तर एक! क्लॉड टाइसहर्स्ट यांनी हे कोडे १९३८ साली मांडले. डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली गाण्यांचा आणि जनुकांचा पुरावा दिला. २०१४ साली जनुकसंच तपासला तेव्हा आणखी बारकावे कळले. हे कडे वाटले तितके अखंड नाही. पूर्वी काही ठिकाणी पक्ष्यांचे गट तुटून राहिले होते आणि सैबेरियातही थोडी सरमिसळ झाली आहे. एका जातीच्या दोन होण्याला हजारो-लाखो वर्षे लागत असतील, तर मधल्या काळात पाहणाऱ्याला असेच अर्धवट चित्र दिसायचे. डार्विनची उपपत्ती खरी असेल तर अशी उदाहरणे सापडायलाच हवीत. ती न सापडती तर मला अधिक आश्चर्य वाटले असते.

हा वाद केवळ नावांचा आहे असे समजू नका. आफ्रिकेतील सगळे हत्ती पूर्वी एकाच जातीचे धरले जात. गवताळ प्रदेशातला मोठा हत्ती आणि घनदाट अरण्यातला लहान, सरळ सुळ्यांचा हत्ती यांचा काही ठिकाणी संकर होतो. तरी जनुकीय अभ्यासावरून त्यांची वाटचाल फार पूर्वीच वेगळी झाल्याचे दिसले. २०२१ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने आपल्या लाल यादीत त्यांची प्रथमच स्वतंत्र नोंद केली. एकत्र मोजणी होती तोवर हा हत्ती 'असुरक्षित' गणला जाई. वेगळे मोजल्यावर गवताळ प्रदेशातला 'संकटग्रस्त' ठरला. अरण्यातला तर 'अतिसंकटग्रस्त', कारण ३१ वर्षांत त्याची संख्या ८६ टक्क्यांहून अधिक घटली होती.