‘पोचिंग’ : एका शब्दाच्या अर्थच्छटा आणि मराठी पर्यायांचा प्रश्न

प्रस्तावना

शब्दकोशात एकाच नोंदीखाली येणारे अर्थ पुष्कळदा एकमेकांपासून फार दूर गेलेले असतात. ‘पोचिंग’ हा इंग्रजी शब्द याचे उत्तम उदाहरण होय. पाकशास्त्रात तो अंडे शिजवण्याची एक रीत दर्शवितो, वनविभागाच्या अहवालात वन्यप्राण्यांची बेकायदा हत्या, व्यवस्थापनशास्त्रात दुसऱ्या संस्थेचे कर्मचारी ओढून घेणे, राजकीय वृत्तांत आमदारांची फोडाफोडी, तर टेनिसच्या दुहेरी सामन्यात जोडीदाराच्या वाट्याचा चेंडू जाळीजवळ आडवे येऊन मारणे. मराठीत या सर्वांसाठी एकच शब्द नाही. त्यामुळे पर्यावरण, वाणिज्य किंवा राज्यशास्त्र हे विषय मराठीतून शिकविताना प्रत्येक वेळी पर्यायाची निवड करावी लागते. ही निवड केवळ भाषिक नसते, तर तीतून दोष कोणाचा हेही सूचित होते. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या अर्थविस्ताराचा आणि त्याच्या मराठी पर्यायांचा विचार केला आहे.

व्युत्पत्ती

जुन्या फ्रेंच भाषेत या शब्दाचे मूळ ‘पिशवी’ या अर्थाच्या शब्दात सापडते. उकळीच्या बेतात आलेल्या पाण्यात अंडे फोडून सोडले असता पांढरा बलक पिवळ्या बलकाभोवती पिशवीसारखा जमतो, म्हणून त्या क्रियेस हे नाव मिळाले. शिकारीच्या अर्थाविषयी मात्र मतभेद आहेत. काहींच्या मते मारलेले सावज पिशवीत दडवण्याशी त्याचा संबंध आहे, तर काहींच्या मते ‘खुपसणे, घुसणे’ या क्रियेशी. गुरांच्या खुरांनी ओली जमीन तुडवली जाऊन चिखल होणे, असाही एक अर्थ इंग्रजी शेतीव्यवहारात आढळतो. दुसऱ्याच्या हद्दीत घुसणे ही कल्पना पुढील बहुतेक अर्थांच्या मुळाशी आहे.

इंग्लंडमधील कायद्याची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या परंपरागत कायद्यानुसार मोकळा हिंडणारा जिवंत वन्यप्राणी कोणाच्याच मालकीचा नसे. जे कोणाचे नाही त्याची चोरी होऊ शकत नाही. म्हणून अशा प्राण्याची शिकार हा चोरीहून निराळा गुन्हा म्हणून कायद्याने निर्माण करावा लागला. १६७१ च्या कायद्याने शिकारीचा हक्क प्रामुख्याने वार्षिक १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन किंवा १५० पौंड उत्पन्नाची भाडेपट्ट्याची जमीन असणाऱ्यांपुरता मर्यादित केला. परिणामी लहान शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातील ससा मारला तरी तो गुन्हेगार ठरू लागला. १७२३ च्या ‘ब्लॅक अ‍ॅक्ट’ने तोंडाला काळे फासून हरणे मारणाऱ्यास देहदंडाची तरतूद केली. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९७५ च्या ‘व्हिग्ज अँड हंटर्स’ या ग्रंथात या कायद्यामागे जंगलावरील रूढ हक्कांचा संघर्ष कसा होता, हे दाखवून दिले. मालमत्तेची अट १८३१ च्या कायद्याने दूर झाली. तात्पर्य, कुंपण आधी आले आणि ‘पोचर’ नंतर.

भारतीय संदर्भ

‘शिकार’ हा फारसीतून आलेला शब्द मराठीत दीर्घकाळ प्रतिष्ठेचा राहिला. संस्थानिक आणि ब्रिटिश अधिकारी यांची शिकार हा मर्दुमकीचा विषय होता. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे. त्याच काळात फासे व जाळी लावून तितर आणि लावे पकडणारे फासेपारधी उपजीविकेसाठी शिकार करीत होते. १८७१ मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने अशा अनेक समाजांवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी शिक्का पुसला गेला नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीची व्याख्या व्यापक आहे. मारणे, विष घालणे, सापळा लावणे, हाका करणे एवढेच नव्हे, तर पक्ष्यांच्या व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा पोहोचविणे हेही तीत येते. या कायद्याची आवश्यकता निर्विवाद आहे. राजस्थानातील सरिस्का व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले, ते चोरट्या शिकारीमुळेच. मात्र कातडी व हाडांचा व्यापार करणारी टोळी आणि पोटासाठी तितर धरणारा माणूस या दोघांनाही ‘पोचर’ हा एकच शब्द लागू होतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

लाक्षणिक अर्थ

कर्मचाऱ्यांच्या संदर्भात हा शब्द नकळत मालकाला वनाचा धनी आणि नोकराला सावज ठरवितो. वस्तुतः कर्मचारी स्वेच्छेने नोकरी बदलतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायास प्रतिबंध करणारा करार सामान्यतः शून्यवत असतो. अमेरिकेत परस्परांचे कर्मचारी न घेण्याचा समझोता करणाऱ्या सहा तंत्रज्ञान कंपन्यांविरुद्ध तेथील न्याय विभागाने २०१० मध्ये कारवाई केली. म्हणजे तेथे दोष ‘पोचिंग’चा नव्हे, तर ते रोखण्याचा ठरला. वाङ्मयाच्या क्षेत्रात मिशेल द सर्तो यांनी १९८० मध्ये वाचकालाच दुसऱ्याच्या रानात शिरणारा शिकारी म्हटले. लेखकाच्या संहितेतून वाचक स्वतःला हवे ते उचलतो, हा त्यांचा आशय गौरवाचा आहे.

मराठी पर्याय

‘अवैध शिकार’ हा शब्द कायद्याकडे बोट दाखवितो, तर ‘चोरटी शिकार’ लपूनछपून केलेल्या कृत्याकडे. ‘पळवापळवी’त पळविल्या जाणाऱ्याची इच्छा गौण ठरते. ‘फोडाफोडी’त गट फुटल्याचे दुःख मुख्य असते, आणि फुटणाऱ्याचा वाटाही त्यातून सूचित होतो. सर्वांत अधिक दक्षता व्यक्तिवाचक शब्दाबाबत हवी. ‘पारध’ म्हणजे शिकार, म्हणून ‘पोचर’साठी ‘पारधी’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु ‘पारधी’ हे एका जमातीचे नाव आहे. भाषांतरातील एवढ्या सैलपणामुळे कायद्याने मागे घेतलेला शिक्का भाषा पुन्हा मारते.

समारोप

या शब्दाच्या पाकक्रियेखेरीजच्या बहुतेक अर्थांत ‘हे कोणाचे?’ हा प्रश्न दडलेला आहे. मूळ शब्द त्याचे उत्तर गृहीत धरून चालतो. मराठीत एकच शब्द नसणे ही म्हणूनच उणीव नव्हे. प्रत्येक संदर्भात हा प्रश्न नव्याने विचारण्याची ती संधी आहे. अध्यापनात कायद्याच्या संदर्भात ‘अवैध शिकार’ व ‘अवैध शिकारी’ हे शब्द वापरावेत, कर्मचाऱ्यांबाबत ‘कर्मचारी आकर्षित करणे’ यासारखी तटस्थ योजना करावी आणि जमातीचे नाव गुन्ह्याचे नाव म्हणून कदापि वापरू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधेल.