लहान मूल, मोठी माणसं (भाग ७) : धपाटा आणि बिस्किटाचा पुडा

धानाच्या रोवणीच्या दिवसांत मुलचेरा तालुक्यातल्या बाया सकाळीच बांधीत उतरतात. संध्याकाळी कंबर मोडून घरी येतात, तोच तीन वर्षांचं पोर बिस्किटाच्या पुड्यासाठी जमिनीवर लोळण घेतं. दिवसभर त्याला आई दिसलेली नसते. पाठीत धपाटा बसतो. थोड्या वेळानं आईचाच जीव कळवळतो आणि तोच पुडा त्याच्या हातात येतो. पोर यातून एवढंच शिकतं, की जोरात रडलं तर आधी मार मिळतो, मग बिस्किट.

दीड ते चार या वयात हट्ट हा वाढीचाच भाग असतो. हवं ते सांगायला शब्द पुरत नाहीत आणि राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत राहतो. मारानं तो लवकर घडत नाही. २०१६ साली एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकी संशोधकांनी पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र तपासले. त्यात सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती होती. चापट खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा आणि मानसिक त्रास जास्त आढळला. मुळात चिडखोर पोरालाच जास्त मार बसतो, असंही कुणी म्हणेल. पण मारानं मूल सुधारतं, असा पुरावा एवढ्या अभ्यासांतून निघाला नाही.

शाळेत तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं २०१० पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. घरातल्या माराला आपल्याकडे अशी स्पष्ट बंदी नाही. स्वीडननं ती १९७९ सालीच घातली.

न मारता शिस्त लागते, हे महाराष्ट्राला परकं नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारला. पुढे १९४५ पासून ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि नंतर कोसबाडला वारली आदिवासींच्या मुलांत राहिल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. त्यांच्या कामामागच्या माँटेसरी विचारात शिक्षा नाही आणि बक्षिसाचं आमिषही नाही, पण मोकाट सोडणंही नाही. वस्तू वापरली की जागेवर ठेवायची, दुसऱ्याच्या हातात असेल तर पाळी येईपर्यंत थांबायचं. हे नियम रोज तेच असतात, म्हणून मुलाला ते पटतात.

‘श्यामची आई’तला पोहण्याचा प्रसंग घरोघरी सांगितला जातो. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई शिंपटीनं मारत बाहेर काढते आणि नंतर मायेनं जवळ घेते. पिढ्यानपिढ्या पालकांनी त्यातली शिंपटी तेवढी उचलली. ती त्या काळाची होती, आज तिची गरज नाही. घेण्यासारखा आहे तो त्या आईचा ठामपणा, आणि नंतरचं जवळ घेणं.

घरी हे जमवायचं तर नियम थोडेच असावेत आणि ते आजीलाही ठाऊक असावेत. सांजेला आई येण्याआधीच आजीनं पोराला चार घास भरवले, तर निम्मा हट्ट उठतच नाही. उरलेल्याला ‘आज नाही’ एकदाच सांगावं आणि रडं ओसरेपर्यंत शेजारी बसावं. हात उचलायचा नाही, पुडाही द्यायचा नाही. पहिले काही दिवस रडं वाढतं, हे मात्र आधीच माहीत असावं.

मुलचेरा तालुक्यात आणखी एक गाठ आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं सरकारी पुनर्वसनात इथं वसली. शेजारी गोंडी-माडिया बोलणाऱ्यांची गावं आहेत आणि तेलुगूही कानावर पडते. अशा घरातलं मूल मराठी वर्गात येतं. ‘बस’, ‘थांब’, ‘रांगेत ये’ हे त्याला कळतच नाही, आणि त्याच्या नावावर ‘ऐकत नाही’ असा शेरा बसतो. न कळलेल्या शब्दांसाठी मूल बोलणी खातं. इथं प्रेम आणि शिस्त दोन्ही भाषेपाशी अडतात. बाहेरून बदलून आलेल्या गुरुजींनी आणि बाईंनी पहिल्याच पालकसभेत आईबापांकडून बांगला आणि गोंडीतले रोजचे दहा-बारा शब्द विचारून घ्यावेत, आणि त्यांत ‘भूक लागली का’ आणि ‘दुखतंय का’ हे दोन प्रश्न आधी असावेत.