इंजिन माउंट घरी बदलताना
सिग्नलला गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरतं, गिअर टाकला की ‘धड्’ होतं? मग आधी इंजिन माउंट बघा. रबर कंपन शोषतं असं आपण वर्गात शिकवतो ना, तेच हे रबर! उष्णतेनं, तेलानं ते तडकतं. बदलायचं म्हणजे बोल्ट मोजकेच. पण लहान गाडीचं इंजिनही १०० किलोच्या आसपास असतं. म्हणून इंजिन थंड झाल्यावर ऑइल पॅनखाली जाड फळी ठेवून जॅकनं जेमतेम आधार द्या. फळी हवीच, नाहीतर पॅन चेपतो. एका वेळी एकच माउंट काढा. नव्याचे बोल्ट आधी हातानं फिरवा, जॅक उतरवून इंजिनाचं वजन माउंटवर येऊ द्या, मगच पान्यानं आवळा. गाडी उचललीच तर ती स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. टॉर्च धरणारी मुलंसुद्धा बाजूलाच उभी राहतील.